कान, भाषा आणि मन : कर्णबधिरांच्या शिक्षणातला प्राध्यापक नेमकं काय करतो?

बेळगाव-खानापूरकडच्या एखाद्या मुलीनं बारावीनंतर घरात सांगितलं, की मला मानसशास्त्र घ्यायचंय आणि पुढं कर्णबधिरांच्या शिक्षणात प्राध्यापक व्हायचंय, तर पहिला प्रश्न ठरलेला : म्हणजे मूकबधिर शाळेत बाई होणार का? दुसराही ठरलेला : ते तर कानाच्या डॉक्टरांचं काम ना, त्यात तुझं काय? प्रश्न रास्त आहेत. डॉक्टर दिसतो, शाळेतली बाई दिसते. या दोघांच्या मधे राहून शिक्षक तयार करणारा, खचलेल्या पालकांशी बोलणारा आणि वर्गात जे चाललंय त्यातलं मुलाला खरोखर किती पोचतंय हे तपासणारा माणूस सहसा कुणाच्या नजरेला पडत नाही.

त्याचं काम समजायचं तर आधी बहिरेपणानं मुलाचं काय जातं ते बघायला हवं. आवाज जातो, हे उघड आहे. त्या मुलाच्या घशात किंवा जिभेत बहुतेक वेळा काही बिघाड नसतो; ऐकलेलं नसतं म्हणून बोललेलं नसतं. किती ऐकू येतं ते डेसिबलमध्ये मोजतात. समोरासमोर बसून केलेलं साधं बोलणं साधारण 60 डेसिबलचं असतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत, बोलण्याच्या पट्टीत, 70 डेसिबलचा ऱ्हास असेल तर व्यक्ती कर्णबधिर. 60 ते 70 मध्ये असेल तर ऐकायला कमी येणारी. हा हिशेब सरळ चढत नाही. दर 10 डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते, म्हणून 40 आणि 70 मधलं अंतर कागदावर तीसचं दिसलं तरी प्रत्यक्षात हजारपटीचं असतं. ‘थोडंसंच जास्त आहे’ असं समजून रिपोर्ट कपाटात ठेवणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

कानाचं मशीन आवाज मोठा करतं. पण आतल्या कानातल्या पेशीच निकामी झाल्या असतील तर मोठा झालेला आवाज स्पष्ट होईलच असं नाही. कॉक्लिअर इम्प्लांट त्या पेशींना वळसा घालून थेट नसेला विजेचे संदेश देतं. ते लहान वयात बसलं आणि त्यामागं वर्षानुवर्षं स्पीच थेरपी झाली, तर पुष्कळ मुलं चांगली बोलतात. केंद्राच्या योजनेतून त्यासाठी मदतही मिळते. मात्र ऑपरेशन झालं म्हणजे काम झालं, असं समजणाऱ्या घरांत मशीन काही महिन्यांतच डब्यात जातं.

आता मूळ मुद्दा. ऐकू येणारं मूल पहिल्या तीन वर्षांत भाषा ‘शिकत’ नाही, ती त्याच्या कानावर पडते. आई भाकरी थापता थापता सासूशी बोलत असते, वडील फोनवर ऊस कधी तोडायचा ते ठरवत असतात, शेजारची काकू रडवेली होऊन काहीतरी सांगून जाते. यातलं एकही वाक्य मुलाला उद्देशून नसतं. तरी त्यातूनच त्याला शब्द मिळतात. माणसं का रागावतात, कशाला लाजतात, खोटं कधी बोलतात हेही समजत जातं. कर्णबधिर मुलाला त्याच घरात फक्त चेहरे बदलताना दिसतात. काकू का रडली, हे त्याला कुणी सांगत नाही. विचारायचं कसं हे त्याला माहीत नसतं, आणि विचारलंच तर ‘काही नाही, तू खेळ जा’ असा हात हलतो.

याचा मनावर काय परिणाम होतो, हे मानसशास्त्रज्ञांनी एका साध्या खेळानं तपासलं. एक बाहुली आपलं खेळणं टोपलीत ठेवून बाहेर जाते. ती नसताना दुसरी बाहुली ते काढून डब्यात ठेवते. पहिली परत आल्यावर खेळणं कुठं शोधेल? चार-पाच वर्षांचं ऐकू येणारं मूल सहसा बरोबर सांगतं : टोपलीत, कारण तिला बदल माहीत नाही. म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळी समजूत असू शकते, हे त्याला कळलेलं असतं. ऐकू येणाऱ्या घरांत जन्मलेली, भाषा उशिरा मिळालेली कर्णबधिर मुलं या खेळात काही वर्षं मागं राहतात. पण ज्यांचे आईबाप स्वतः कर्णबधिर आहेत आणि पहिल्या दिवसापासून हातांनी बोलतात, ती मुलं मागं राहत नाहीत. दोघांचे कान सारखेच बंद. फरक आहे तो भाषा वेळेवर मिळाली की नाही याचा.

माझ्या मते या क्षेत्रातली अर्धी भांडणं एवढं एक निरीक्षण नीट समजून घेतलं तर मिटतील. बहिरेपण हा कानाचा प्रश्न आहेच. पण मुलाच्या वाढीला जो दगा होतो तो भाषेच्या दुष्काळानं होतो. म्हणून शिक्षण आणि मानसशास्त्र हे इथं दोन वेगळे विषय म्हणून हाताळता येत नाहीत. भाषा मिळाली नाही तर वर्ग चालत नाही, आणि मनही मोकळं होत नाही.

सीमाभागातल्या माणसाला भाषेची ओढाताण समजावून सांगायला नको. घरात मराठी, बाजारात कन्नड, कचेरीत कन्नड फॉर्म, टीव्हीवर हिंदी, कॉलेजात इंग्रजी. त्यामुळं वाटू शकतं, की कर्णबधिर मुलाची अडचण आपल्यासारखीच. त्याला आणखी एक भाषा शिकावी लागते इतकंच. काही अंतरापर्यंत हे खरं आहे, पुढं मात्र जुळत नाही. बेळगावजवळच्या येळ्ळूरचं मूल शाळेत कन्नडला सामोरं जातं तेव्हा त्याच्याकडं पाच-सहा वर्षांची भक्कम मराठी असते. आजीनं दिलेली, भांडणात वापरलेली, स्वप्नात पडलेली. त्या एका भाषेच्या जोरावर दुसरी उभी राहते. ज्या कर्णबधिर मुलाच्या घरात कुणालाच हातांची भाषा येत नाही, ते सहाव्या वर्षी शाळेच्या पायरीवर येतं तेव्हा त्याच्याकडं मराठी नसते, कन्नड नसते, सांकेतिक भाषाही नसते. दहाबारा घरगुती खुणा असतात : जेवण, पाणी, झोप, मार. आणि अशी मुलं अपवाद नाहीत. अमेरिकेतल्या पाहण्यांनुसार नव्वद टक्क्यांहून जास्त कर्णबधिर मुलांचे आईबाप ऐकू येणारे असतात. आपल्याकडं वेगळं असायचं काही कारण नाही.

त्यात आपल्या जिल्ह्याची एक खास गाठ आहे. समजा, निपाणीकडच्या मराठी घरातलं मूल कन्नड माध्यमाच्या निवासी शाळेत गेलं. तिथं त्याला ओठ वाचायला आणि बोलायला शिकवलं ते कन्नडमधून. गणपतीच्या सुट्टीत ते घरी येतं आणि आई बोलते मराठी. ओठ वाचणं हे मुळातच अर्धं अंदाजाचं काम. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता ‘पाय’, ‘बाय’, ‘माय’ म्हणून बघा. तिन्ही एकसारखे दिसतील. ‘क’ आणि ‘ग’ तर घशात होतात, ते ओठांवर दिसतच नाहीत. ऐकू येणारा माणूस संदर्भावरून गाळलेल्या जागा भरतो, कारण त्याला भाषा आधीपासून येत असते. या मुलाला एका भाषेत जेमतेम भरता येतात, आणि सुट्टीत ती भाषाच बदललेली असते.

उलट, बेळगावचा, कोल्हापूरचा आणि हुबळीचा कर्णबधिर तरुण एकत्र आले की त्यांना दुभाष्या लागत नाही. भारतीय सांकेतिक भाषेत गावागावाप्रमाणं काही खुणा बदलतात, पण व्याकरण बरंचसं एकच आहे. भाषाशास्त्रज्ञ उल्रिके झेशान यांनी तर भारतातल्या आणि पाकिस्तानातल्या सांकेतिक भाषेचा एकाच भाषेच्या रूपात अभ्यास केला. म्हणजे आपण महाराष्ट्र-कर्नाटकातल्या ज्या सीमेवरून सत्तर वर्षं भांडतोय ती या मंडळींच्या बोलण्यात कुठं आडवी येत नाही. (हे वाचून दोन्ही बाजूंचे पुढारी सांकेतिक भाषेवरही हक्क सांगायला येतील अशी भीती आहे.)

सांकेतिक भाषा म्हणजे मराठीचं हातांनी केलेलं भाषांतर नव्हे. तिचं स्वतःचं व्याकरण आहे. प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो, काळ सांगणारी खूण सुरुवातीला येते, आणि भुवया, डोळे, मानेचा कल यांना व्याकरणात काम असतं. भुवया वर गेल्या की ‘हो की नाही’ असं उत्तर मागणारा प्रश्न झाला. नवख्या माणसाला वाटतं, हा चिडलाय. तो फक्त विचारत असतो.

हे मान्य व्हायला फार वेळ लागला. 1880 साली इटलीत मिलान इथं कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. जमलेल्यांत जवळजवळ सगळे ऐकू येणारे. त्यांनी ठराव केला, की मुलांना बोलूनच शिकवावं, खुणांनी नाही. युरोप-अमेरिकेतल्या शाळांमधून हातांची भाषा हद्दपार झाली आणि कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्याही गेल्या. भारतातल्या शाळा त्याच वळणावर निघाल्या. खुणा केल्या म्हणून हातावर पट्टी खाल्लेली पिढी आपल्याकडंही आहे. 1960 मध्ये विल्यम स्टोकी या अमेरिकन प्राध्यापकांनी दाखवून दिलं, की सांकेतिक भाषेला इतर कुठल्याही भाषेसारखी रचना आहे. मिलानच्या ठरावांबद्दल त्याच परिषदेनं खेद व्यक्त केला तो 2010 मध्ये, व्हँकुव्हरला. मधे एकशे तीस वर्षं गेली.

आज जाणकारांतले बरेच जण द्विभाषिक पद्धत मानतात : सांकेतिक भाषा पहिली, तिच्या आधारानं लिहिण्यावाचण्याची भाषा दुसरी, आणि ज्याला मशीननं किंवा इम्प्लांटनं जमेल त्यानं बोलणंही शिकावं. आपल्याकडं 2015 मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. 2021 पर्यंत त्यांचा कोश 10,000 शब्दांवर गेला. 2020 च्या शैक्षणिक धोरणातही या भाषेच्या प्रमाणीकरणाचा उल्लेख आहे. ‘खुणा शिकवल्या तर मूल बोलायला आळशी होतं’ ही समजूत मात्र अजून घट्ट आहे. ती सांगणारे डॉक्टरही भेटतात, शाळाही भेटतात. बोलणं येईल तेव्हा येईल, तोवर मुलाला विचार करायला भाषा हवी, एवढं साधं गणित त्यात निसटतं.

वर्गात या साऱ्याचं काय होतं ते बघा. मराठी लिहिताना कर्णबधिर मुलाचा पाय अडकतो तो विभक्तीत. ‘मी शाळा जातो’, ‘आई बाजार भाजी आणली’ अशी वाक्यं वहीत दिसतात. ऐकू येणाऱ्या मुलाला ‘शाळेत’ शिकवावं लागत नाही. ‘शाळा’ची ‘शाळे’ होते हे त्यानं पहिलीत येण्याआधी हजारदा ऐकलेलं असतं. घर घरात होतं, रस्ता रस्त्यावर येतो, पाणी पाण्यात जातं. प्रत्येक शब्द जागा बदलताना चेहरा बदलतो. ज्यानं भाषा डोळ्यांनी शब्दशब्द गोळा केली, त्याला ‘रस्ता’ आणि ‘रस्त्या’ हे दोन वेगळे शब्द वाटतात. शिवाय लिंग आहेच : तो भात, ती पोळी, ते पिठलं; याला कारण विचारलं तर आपणही गप्प बसू.

इथं वाईट शिक्षक वही लाल करतो. तयारीचा शिक्षक आधी तो प्रसंग सांकेतिक भाषेत बोलून घेतो, अर्थ मुलाच्या मनात पक्का करतो, मग सांकेतिक वाक्य आणि मराठी वाक्य शेजारी शेजारी मांडून फरक दाखवतो : आम्ही जागा हातानं दाखवतो, मराठी ती ‘त’नं दाखवते. ही तयारी आपोआप येत नाही, ती शिकवावी लागते. विशेष बी.एड.च्या विद्यार्थ्यांना हेच शिकवणं आणि त्यांच्या सरावपाठांना मागच्या बाकावर बसून बारकाईनं टिपणं काढणं, हे त्या प्राध्यापकाचं रोजचं काम.

भाषांच्या ओझ्याबाबत कायद्यानं एक सोय केली आहे. 2016 च्या कायद्याच्या 17 व्या कलमात दिव्यांग विद्यार्थ्यांना दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूद आहे. कर्नाटकात 2015 च्या कायद्यानं शाळेत कन्नड शिकणं सक्तीचं झालं आहे. त्यामुळं मराठी घरातल्या कर्णबधिर मुलासाठी ही सूट कुठल्या भाषेतून घ्यायची, हा पालक आणि शाळा यांनी दहावीच्या तोंडावर नव्हे, फार आधी बसून ठरवायचा विषय आहे. सूट हवीच. पण पहिली भाषाच कच्ची असेल तर सुटीनं गुणपत्रिका हलकी होते, मूल शिकतंच असं नाही.

आता समुपदेशनाकडं येऊ. पुष्कळांना वाटतं, समुपदेशन म्हणजे दोन धीराच्या गोष्टी सांगणं. सल्ला द्यायला गल्लीत माणसं कमी नाहीत; ते काम वेगळं आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी समुपदेशकाकडून तीन गोष्टी मागितल्या : समोरच्याचा अटींशिवाय स्वीकार, त्याच्या जागी जाऊन समजून घेणं, आणि स्वतःचं आतबाहेर एक असणं. ऐकायला सोपं. बेरा टेस्टचा, म्हणजे बाळाच्या ऐकण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या आईसमोर हे करून बघा.

त्या आईला बाहेर काय काय ऐकावं लागतं ते आपल्याला ठाऊक आहे. गरोदरपणी ग्रहण पाळलं नाहीस. तुझ्या माहेरीच दोष आहे. आमचा मामाही पाच वर्षांचा झाल्यावर बोलला, थांब जरा. यातलं शेवटचं वाक्य प्रेमानं म्हटलेलं असतं आणि तेच सर्वांत महाग पडतं. जन्मानंतर महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत मशीन किंवा भाषेची मदत, असा जगभरचा दंडक आहे. सहा महिन्यांच्या आत ज्यांना मदत सुरू झाली त्यांची भाषा उशिरा सापडलेल्यांपेक्षा चांगली वाढते, असं संशोधन सांगतं. ‘थांब जरा’मध्ये नेमकं तेच वय निघून जातं.

नात्यातल्या लग्नाचा विषय समुपदेशकाला टाळता येत नाही. आपल्याकडं मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी लग्न लावणं नवल नाही, आणि कन्नड शेजाऱ्यांत तर सख्ख्या मामा-भाचीचंही होतं. जन्मजात बहिरेपणाचे पुष्कळ प्रकार असे असतात, की सदोष जनुकाची प्रत आई आणि वडील दोघांकडून आली तरच मूल बहिरं होतं. दोघं एकाच कुळातले असले की दोघांकडं तीच प्रत असण्याची शक्यता वाढते. तशी ती दोघांकडं असेल तर प्रत्येक बाळंतपणात शक्यता चारात एक, दर वेळी नव्यानं. पहिलं बहिरं झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नसतं. हे सांगायचं, पण त्यातून आईवर किंवा तिच्या माहेरावर ठपका बसणार नाही अशा रीतीनं. जनुकं दोघांची आहेत, आणि लग्न त्या दोघांनी ठरवलेलं नव्हतं. शिवाय कारण दर वेळी जनुकांतच असतं असंही नाही. गरोदरपणातला रुबेला, जन्मल्यावरची तीव्र कावीळ, मेंदूज्वर, काही इंजेक्शनं अशी इतरही कारणं आहेत.

आणि नवस. सौंदत्तीच्या यल्लम्माला बोललेल्या नवसावर हसणारा समुपदेशक ते घर कायमचं गमावतो. शहाणा म्हणतो, नवस जरूर फेडा, पण मशीनची तारीख चुकवू नका. दोन्ही गोष्टी एकत्र चालू शकतात. एकीसाठी दुसरी थांबवायची नाही, एवढाच आग्रह धरायचा.

मूल मोठं झालं की समुपदेशनाची तऱ्हा बदलते. कर्णबधिर तरुणाशी बोलताना खिडकीकडं पाठ करून बसायचं नाही, चेहरा अंधारात जातो. मान खाली घालून टिपणं घेतली की संभाषण तुटलं, कारण त्याच्याशी बोलणं म्हणजे त्याच्याकडं बघणं. दुभाष्या समुपदेशकाच्या शेजारी बसतो, म्हणजे तरुणाला दोघं एका नजरेत दिसतात. आणि बोलायचं तरुणाशी, ‘त्याला विचारा’ असं दुभाष्याशी नाही. बहिणीला किंवा आईला दुभाष्या करायची आपली सवय सर्वांत घातक. घरातल्या मारहाणीबद्दल, प्रेमाबद्दल, मरून जावंसं वाटतं त्याबद्दल तो बहिणीच्या हातांतून काय सांगणार? बाहेरच्या दुभाष्याचीही अडचण असते. एका शहरात सांकेतिक भाषा जाणणारे मोजके, सगळे एकमेकांच्या ओळखीचे. म्हणून गुप्ततेची हमी पहिल्याच भेटीत, स्पष्ट शब्दांत द्यावी लागते.

प्रश्नही जपून विचारावे लागतात. मानसिक आजाराच्या तपासणीत ‘तुम्हाला आवाज ऐकू येतात का?’ असं सर्रास विचारतात. मशीन लावणारा तरुण प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणेल. तेवढ्यावरून कागदावर भलतंच लिहिलं जाऊ शकतं.

चाचण्यांचं तर मोठं प्रकरण आहे. शब्दांवर आधारलेली बुद्धिमापन चाचणी कर्णबधिर मुलाला दिली की ती त्याची बुद्धी मोजत नाही, त्याला मराठी किती पोचली ते मोजते. अशाच चाचण्यांवरून कितीतरी हुशार मुलं मतिमंद ठरवली गेली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मॅके व्हर्नन यांनी 1968 मध्ये आधीच्या पन्नास वर्षांचं संशोधन एकत्र मांडलं आणि दाखवलं, की कृतीवर आधारलेल्या चाचण्यांत कर्णबधिरांची बुद्धी इतरांसारखीच भरते. आपल्याकडं ठोकळे, आकृत्या, नमुने यांवर चालणारी भाटिया यांची चाचणीमाला 1955 पासून आहे. कुठल्या मुलाला कुठली चाचणी द्यायची आणि आलेल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा, हा निर्णय घ्यायला मानसशास्त्र आणि सांकेतिक भाषा दोन्ही यावं लागतं. अशी माणसं फार थोडी आहेत, आणि या प्राध्यापकीची खरी गरज तिथंच आहे.

वाट कशी आहे? दारं दोन आहेत आणि दोन्हींच्या किल्ल्या वेगळ्या. पहिलं दार भारतीय पुनर्वास परिषदेचं. 1992 च्या कायद्यानं आलेली ही परिषद विशेष शिक्षक, ऑडिऑलॉजिस्ट (ऐकणं तपासणारे), क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी करते, आणि नोंदणीशिवाय हे काम करणं गुन्हा आहे. म्हणून विशेष बी.एड. करताना कॉलेजला त्या वर्षासाठी परिषदेची मान्यता आहे का, ते परिषदेच्या वेबसाइटवर स्वतः बघावं. माहितीपत्रकावर विसंबू नये. दुसरं दार विद्यापीठ अनुदान आयोगाचं : पदव्युत्तरला 55 टक्के, आणि नेट ही पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. दिव्यांग उमेदवारांना गुणांत पाच टक्क्यांची सवलत आहे.

बी.ए. मानसशास्त्र 3 वर्षं, एम.ए. 2, विशेष बी.एड. 2, विशेष एम.एड. 2, पीएच.डी. किमान 3. बेरीज बारा. एक तप! सगळ्यांनाच सगळं लागतं असं नाही. मानसशास्त्र विभागात शिकवायचं तर विशेष बी.एड.ची सक्ती नाही. विशेष शिक्षणाच्या कॉलेजात शिकवायचं तर ते पाहिजेच. पण दोन्हीकडं पाय ठेवायचा असेल तर ही लांबी गृहीत धरावी. मधे जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात, आणि सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या आयोगानुसार 57,700 पासून सुरू होतं. खासगी कॉलेजात हा आकडा जाहिरातीत असतो, हातात किती येतो ते तिथल्याच एखाद्या मास्तरांना चहाला बोलावून विचारावं.

नुसतं समुपदेशन करायचं असलं तर चित्र अजून धूसर आहे. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याच्या यादीत समुपदेशक आले, पण व्यवहारात अजून पाटी लावणाऱ्यांची गर्दी आहे. म्हणून ज्या एम.ए.त प्रत्यक्ष देखरेखीखाली केसेस घ्यायला लावतात तेच निवडावं.

शिकायला जायचं कुठं? श्रवणविषयक शिक्षणाच्या दोन मोठ्या संस्था आपल्यापासून दोन दिशांना आहेत. म्हैसूरला 1965 पासूनची अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्था, आणि मुंबईत वांद्र्याला 1983 पासूनची अली यावर जंग संस्था. दोन्हीकडं जायला बेळगावहून एका रात्रीचा प्रवास. मानसशास्त्रासाठी धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ जवळ. मराठी मुलीनं मुंबई निवडली तर भाषा सोपी जाईल. पण परत येऊन बेळगावात काम करायचं असेल तर कन्नड कामापुरती नव्हे, चांगली यायला हवी. अंगणवाडीची नोंद, जिल्हा रुग्णालयाचा रिपोर्ट, शिक्षणखात्याचं पत्र सगळं कन्नडात असतं. आणि सांकेतिक भाषा पुस्तकातून येत नाही. कर्णबधिर मंडळींत बसून, चुकून, हसं करून घेऊनच येते.

संशोधनाला विषय शोधायला इथं लांब जावं लागणार नाही. लहान मुलांच्या भाषेच्या मराठी चाचण्या प्रमाण मराठी धरून केल्या जातात. त्यात ‘काय करतोस?’ असतं, आमच्या गल्लीत ‘काय करूलालास?’ असतं. आधीच कमी ऐकू येणाऱ्या मुलाचे गुण इथं भाषा कच्ची म्हणून गेले की चाचणी परकी म्हणून, हे कुणीतरी बसून वेगळं करायला हवं. कन्नड शाळा आणि मराठी घर यांत वाढणाऱ्या मुलाला एक सांकेतिक भाषा लवकर मिळाली तर दोन्ही लिप्या वाचायला सोपं जातं का? बेळगावचे वयस्कर कर्णबधिर वापरतात त्या खुणा मुंबईच्या वळणाच्या की म्हैसूरच्या? यातल्या एकेका प्रश्नात एकेक पीएच.डी. आहे. अशा अभ्यासात संमतीपत्रक छापील कागदावर देऊन सही घेणं पुरत नाही. ज्याला मराठी वाचायला जड जातं त्याला सांकेतिक भाषेतला व्हिडिओ दाखवून, शंका विचारू देऊन संमती घ्यावी लागते.

राहिला एक प्रश्न. हीच वाट कर्णबधिर मुलीला धरता येते का? अमेरिकेत वॉशिंग्टनला कर्णबधिरांसाठी गॅलॉडेट विद्यापीठ आहे, 1864 पासूनचं. तिथं सव्वाशे वर्षं सगळे अध्यक्ष ऐकू येणारे होते. मार्च 1988 मध्ये पुन्हा ऐकू येणारीच व्यक्ती नेमली गेली तेव्हा विद्यार्थ्यांनी विद्यापीठ बंद पाडलं, आणि आठवड्यात आय. किंग जॉर्डन पहिले कर्णबधिर अध्यक्ष झाले. एकविसाव्या वर्षी अपघातात त्यांचं ऐकणं गेलं होतं, आणि ते मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. हिमाचलमधल्या खेड्यात वाढलेले, लहानपणीच ऐकणं गेलेले मदन वशिष्ठ त्याच गॅलॉडेटला गेले आणि भारतीय सांकेतिक भाषेच्या सुरुवातीच्या अभ्यासांत आणि कोशांत त्यांचा हात होता.

आपल्याकडं कायदा तिच्या बाजूनं आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी 5 टक्के जागा. सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के, त्यातला 1 टक्का कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी. सांकेतिक भाषा शिकवण्याचा पदविका अभ्यासक्रम तर खास कर्णबधिरांसाठीच आहे. अडतं ते वर्गात. एम.ए.च्या तासाला दुभाष्या नसतो, आणि मैत्रिणीच्या वहीतून उतरवलेल्या टिपणांवर फ्रॉइड समजत नाही. गरजेनुसार सोय करून देणं संस्थेवर बंधनकारक आहे, पण मागितल्याशिवाय ती सहसा होत नाही. म्हणून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आधी काढून ठेवावं, दुभाष्याची मागणी प्रवेशाच्या अर्जासोबतच लेखी द्यावी, पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेचाही त्यात उल्लेख करावा, आणि त्या अर्जाची शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नये.